जावई, वडे आणि चाळीस सेकंद

अनेक टप्प्यांची सायकल शर्यत जिंकण्याचा सर्वांत रोमहर्षक मार्ग कोणता, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे लिहीत आहे. माझे आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेले, त्यामुळे उत्तर माझ्याजवळ तयारच होते. ते माझ्याच घराच्या दारात मोडीत निघाले, आणि त्याचा वैताग अजून ओसरलेला नाही.

आमच्या भागात तीन दिवसांची एक शर्यत झाली. पहिला टप्पा वरठी ते आंधळगाव, दुसरा आंधळगाव ते आंबागड आणि तिसरा आंबागडहून आंधळगावमार्गे परत वरठी. तिन्ही दिवसांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. त्याला राज्य पातळीवरच्या स्पर्धेसाठी पाठवले जाणार होते. वेळेची नोंद ठेवणाऱ्यांत मी एक होतो. स्पर्धकांत माझा जावई होता. तो वरठीच्या कारखान्यात कामाला आहे आणि सायकलनेच कामावर जातो. वयाच्या अटीमुळे राज्य स्पर्धेत उतरण्याची त्याला ही अखेरची संधी होती. त्याने तसे बोलून दाखवले नाही. मुलीने मात्र फोनवर दोनदा सांगितले.

माझे उत्तर असे होते. रोज पहिला येणारा जिंकतो, यात रोमहर्षक काही नाही. हुशार विद्यार्थ्याला पैकीच्या पैकी गुण मिळण्यासारखेच ते आहे. एकट्याने पुढे निसटून जाणे पाहायला छान, पण असा वीर बहुधा वाऱ्यात दमून मागे पडतो. खरी गंमत एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकण्यात आहे. रोज दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर यायचे, थोडेथोडे सेकंद वाचवायचे, आणि शेवटी बेरीज मांडली की सगळ्यांनी चकित व्हायचे. जावयाला मी हे पूर्वीच समजावले होते. त्याने ऐकून घेतले होते.

लोकांनी मात्र ऐकले नाही. आमच्याकडे शर्यत म्हणजे शंकरपट. जी बैलजोडी आधी पोहोचली ती जिंकली. कालची धाव आजच्या धावेत कोणी मिळवत नाही. पहिल्या दिवशी जावई तिसरा आला. शेवटच्या रेषेवर मला विचारण्यात आले, "गुर्जी, पहिला कोन आला?" मी म्हणालो, "आजचा पहिला हा. पण शर्यतीचा पहिला परवा कळेल." त्यावर एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "गुर्जीले बी मालूम नाही वाटते." हा संवाद, माणसे बदलून, तिन्ही दिवस चालला.

त्या पहिल्या मुक्कामी आणखी एक गोष्ट घडली. सर्व स्पर्धकांनी रात्री शाळेतच जेवावे आणि शाळेतच झोपावे, असा नियम होता. आंधळगाव ही जावयाची सासुरवाडी. माझे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. तरीही मी त्याला घरी येऊ दिले नाही, कारण पक्षपाताचा संशय नको होता. पत्नीने पुरणाची तयारी केली होती.

"जवाई गावात येते अन् शाळेत जेवते, हे मी लोकायले कोनत्या तोंडानं सांगू?" तिने विचारले.

"नियम आहे," मी म्हणालो.

"नियम तुमचा. मान जवाईचा."

मला वाटले, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी आंबागडला, गडाच्या पायथ्याकडे रस्ता चढू लागतो तिथे, त्याच गावच्या एका तरुणाने सगळ्यांना मागे टाकले. तो जंगलकामावर जाणारा काटक गडी; चढ त्याच्या रोजच्या पायाखालचा. जावई दुसरा आला. बेरीज मांडली तेव्हा तो तरुण एकूण वेळेत चाळीस सेकंदांनी पुढे होता. बाकी सारे कितीतरी मिनिटे मागे. म्हणजे शर्यत आता या दोघांचीच होती, आणि चाळीस सेकंद भरून काढायला जावयाजवळ एकच सपाट टप्पा उरला होता.

तिसऱ्या दिवशी मी स्पर्धकांमागच्या जीपमध्ये होतो. आंधळगावच्या अलीकडे दोघेच पुढे निघाले. जावई वेग वाढवी, की तो तरुण त्याच्या मागच्या चाकाला चिकटून येई. एक सेकंदही कमी होत नव्हता. अशा स्थितीत आम्ही गावात शिरलो, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी, ऐन रस्त्यात, मला दोन पाट मांडलेले दिसले.

पाटांमागे माझी पत्नी उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. शेजारणींच्या हातांत कुंकवाचे ताट, उडदाचे वडे, चहाची किटली.

जावयाने ब्रेक दाबला आणि सासूला म्हणाला, "मामीजी, शर्यत चालू आहे जी."

"चालू राहू द्या. शर्यत का पळून चालली?"

"पळूनच चालली आहे!" मी जीपमधून ओरडलो.

"तुमी घडी पाहा जी," पत्नी मागे वळूनही न पाहता म्हणाली. "जवाई माह्या दारावरून कोरड्या तोंडानं जानार नाही."

आंबागडचा तरुण बाजूने निघण्याच्या बेतात होता. तेवढ्यात एका म्हाताऱ्या शेजारणीने ताट खाली ठेवून हात जोडले. "हे बी जवाईचेच सोबती होत. यायले बी बसवा." जावयासोबत आलेल्या माणसाचा मान जावयाइतकाच असतो, हे आमच्या भागात वेगळे शिकवावे लागत नाही. त्याला कोणी हात लावला नाही. तो बिचारा उतरला आणि दुसऱ्या पाटावर बसला.

पाय धुतले गेले. टिळे लागले. मागचे स्पर्धक आम्हाला ओलांडून जाऊ लागले, त्यांतला एक ओरडला, "आमच्यासाठी दोन वडे ठेवजा!" माझ्या हातातले घड्याळ चालू होते आणि दोन आघाडीचे स्पर्धक बशीत चहा ओतून फुंकर घालत होते.

जावयाने एक वडा खाल्ला, चहा घशाखाली ओतला, सासूच्या पाया पडला आणि उठला. सायकलवर टांग टाकताना तो म्हणाला, "मामीजी, माह्या सोबत्याले अजून वाढा. लाजून राहिले ते."

मग त्या तरुणाचे काय झाले ते मी पाहिले. चार बायका, चार ताटे. "एकच वडा?" "आमचा वडा आवडला नाही का?" "आंबागडले जाऊन सांगसान, आंधळगावात उपाशी ठेवलं!" मी बायकांना थांबवले असते तर त्या तरुणाला मदत झाली असती, गप्प बसलो तर जावयाला होत होती. मी गप्प बसलो, कारण रस्त्यावर कोणाकडूनही अन्न घेण्याची मुभा नियमांतच होती. आग्रहाचा उल्लेख नियमांत नव्हता.

मग जीप पुढे काढून मी वरठी गाठली. तिथे तुमसरचा एक विद्यार्थी सर्वांत आधी पोहोचला. लोकांनी त्याच्यावर गुलाल उधळला आणि त्याला खांद्यावर घेतले. एकूण वेळेत तो फार मागे आहे, हे मी तीन वेळा सांगितले. जावई नंतर आला. त्याच्यानंतर बरोबर एका मिनिटाने आंबागडचा तरुण आला, सायकल टाकली आणि थेट पंचांकडे गेला.

गर्दीतून आवाज आला, "जवाई गुर्जीचा, घडी बी गुर्जीची!" म्हणून निर्णयातून मी बाजूला झालो. पंचांतल्या एका क्रीडाशिक्षिकेने तक्रार ऐकली.

"तुम्हाला कोणी अडवले का?"

"नाही जी. वाढून राहिले होते."

"मग उठायचे होते."

"मॅडम, तुमी उठून दाखवा," तो म्हणाला.

 शिक्षिकेने वेळा पुन्हा तपासल्या आणि जावयाचे नाव जाहीर केले.  तो तरुण जावयाजवळ गेला. "पुढच्या वर्षी मी आंधळगावात सोयरीकच पाहतो. मग बसजो तू पाटावर."

जावई हसला आणि मग त्याला रडू फुटले. मुलगी त्याचा घाम पुसत होती की डोळे, मला कळले नाही. रात्री घरी परतल्यावर पत्नीने मला विचारले, "झालं ना तुमच्या नियमात?" 

एकही टप्पा न जिंकता माझा जावई शर्यत जिंकला, म्हणजे माझे उत्तर कागदावर बरोबर ठरले. परंतु ते सेकंद त्याने पायांनी वाचवले नाहीत, आणि असा मार्ग मी कोणत्याही वर्गाला शिकवू शकत नाही. दुसऱ्या टप्प्यानंतर चाळीस सेकंद मागे, तिसऱ्या टप्प्यात एक मिनिट पुढे. वाचकांना विनंती, ही वजाबाकी त्यांनी स्वतः करून पाहावी. आणि शंका उरल्यास कोणाचा तरी सोबती होऊन त्याच्या सासुरवाडीतून न थांबता सायकल काढता येते का, तेही पाहावे.