दोन फूट भराव

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि त्याला तर मजूर आले नाहीत, फरशी तिरकी बसली, असलं सगळं मी रोज जेवताना ऐकवते. बिचारा ऐकतो. पण हे नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी बागा आखते. नगरला माझं छोटं ऑफिस आहे. बंगल्यापुढची हिरवळ नव्हे — गावाच्या मोकळ्या जागा, ओढ्याचे काठ, बाजारतळ, असली कामं. नेवाशाच्या बाजूला एका गावात — नाव नका विचारू — बाजारतळाची बाग करायची होती. जागा खोलगट. रस्त्यावरचं पावसाचं पाणी तिथं येऊन नुसतं डबकं व्हायचं. मी आराखडा केला, की पाणी अडवायचं नाही, आत घ्यायचं, चरांतून फिरवायचं, जमिनीत मुरवायचं, आणि वरून कोरड्या पायांनी चालता येईल अशी उंच वाट. सगळ्यांनी वाहवा केली. मीही हवेत होते, खोटं कशाला बोलू?

त्या तळावर एक जुना कडुनिंब होता आणि त्याच्या सावलीत लीलाबाई बसायच्या. शेगडीवर कणसं नि शेंगा भाजून विकायच्या. त्यांच्या आधी त्यांची सासू त्याच जागी बसायची. मी त्यांच्यासाठी आराखड्यात दगडी ओटा काढला होता. भूमिपूजनाच्या भाषणात तर त्यांचं नाव घेतलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आता मुद्द्यावर येते. येते — जरा दम धरा.

मोजणीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. झाडाचा बुंधा खोलगट भागात अगदी तळाशी, भोवती वेड्या बाभळीचे काटे. तिथं उतरून जमिनीची उंची मोजायची होती. मी उतरले नाही. वरूनच मोबाईलवर फोटो काढला आणि ऑफिसात बसून आकडा अंदाजानं टाकला. आळस. दुसरं काय?

त्या आकड्यावरून उंच वाटेचा भराव सुरू झाला तेव्हा मुकादम किसनराव माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, खोड दोन फूट मातीत चाललंय. भोवती हिरीवानी कठडा बांधू का? न्हाईतर मरंल झाड." बरोबर होतं त्यांचं. जुन्या झाडाचा बुंधा गाडला की मुळं गुदमरतात. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, आणि त्याच्या कितीतरी आधी देवळालीच्या आमच्या मळ्यात — आंब्याच्या बुंध्याशी कुणी मातीचा ढीग लावला तर वडिलांचं डोकंच फिरायचं. मग? मग काय अडलं होतं? कठडा बांधायचा म्हणजे आराखडा बदलायचा. आराखडा बदलायचा म्हणजे नगरपंचायतीच्या साहेबांपुढे कबूल करायचं, की बाईंनी बुंधाच मोजला नव्हता. तेवढ्याला माझी जीभ रेटेना.

मी म्हणाले, "भरा."

बाग झाली. फोटो झाले, सत्कार झाला. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी शेंडा विरळ झाला. तिसऱ्या उन्हाळ्यात एक अख्खी बाजू वाळली आणि नगरपंचायतीनं मला कारण विचारलं — लेखी. किसनराव तोवर दुसऱ्या गावी कामाला लागले होते.

इथं मला थांबावंसं वाटतंय. पण इतकं सांगून आता काय थांबायचं?

मी लिहिलं, की बुंध्यालगत वर्षानुवर्षे शेगडी पेटवल्याने मुळांना उष्णता लागून झाड वाळले आहे. शेगडी बुंध्यापासून चांगली दहा पावलं लांब असायची. मला माहीत नव्हतं होय? ओटा मीच काढला होता तिथं! कागदाखाली माझी सही आहे, शिक्का आहे. पंधरा दिवसांत बागेत शेगडीला बंदी आली आणि लीलाबाई फाटकाबाहेर, भर उन्हात रस्त्याच्या कडेला जाऊन बसल्या.

त्या भांडतील, मला चार शिव्या हासडतील, असं वाटलं होतं. नाही आल्या. फार बरं वाटलं मला तेव्हा — लाज वाटते हे सांगायला, पण वाटलं.

गेल्या वर्षी त्या बाजूला जाणं झालं. झाड तोडून त्या जागी नवं रोप लावलेलं. फाटकाबाहेर मोडक्या छत्रीखाली लीलाबाई. मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं, नको नको म्हणताना लिंबू-तिखट चोळून कणीस हातात दिलं. आणि मग हळूच विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. खरं सांगा. आमच्या शेगडीनंच मेला का वो लिंबारा? सासू गेली माझी, न्हाईतर तिला काय तोंड दावलं आसतं? मी आत पाऊल ठेवत न्हाई आता. रोपाला पानी घालाया नातीला धाडते. माझा हात लागाया नको त्याला."

अहो, तीन शब्द पुरले असते. मी मारलं झाड. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, साहेब नव्हते, कागद नव्हता. समोर फक्त त्या होत्या, आणि त्या खरं विचारत होत्या.

मी म्हणाले, "असं मनाला लावून घेऊ नका, लीलाबाई."

त्यांनी मान हलवली, पदराच्या टोकानं डोळे पुसले. माझं ते बोलणं त्या होकार समजल्या. ते मला तिथंच, त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी कणीस संपवून उठले.