मांड्यांचे गहू

चक्कीवर दळण धाडायचं म्हणजे नुसता डबा धाडणं नव्हे, बरं का. डब्यासोबत निरोप जावा लागतो. हा बारीक, तो जाडा, आणि बारीक दळण कोणाच्या डाळीमागून टाकायचं नाही. चक्कीला काय ठाऊक आपल्या घरी उद्या काय रांधायचंय? म्हणून मी डब्याडब्याला वेगळी चिंधी बांधायची आणि नेणाऱ्याकडून निरोप परत म्हणवून घ्यायची. सासरी हसायचे मला.

सासर अमरावतीचं. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. मला अकोल्याला जाऊन मास्तरणीचं शिक्षण घ्यायचं होतं. सासूबाईंची बहीण तिथे राहायची, ती मला ठेवून घ्यायला राजी होती. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांची अट एकच.

"माही बहीन येऊन राहिली. तिच्यासमोर मांडे करून दाखव. हात बसला असंन तर जाय अकोल्याले."

मांडा पुरण भरून हातावर लांबवत न्यायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा. पीठ अगदी तलम नसलं तर तो हातावरच फाटतो. मी गहू ओलवून, सुकवून डब्यात भरले, लाल चिंधी बांधली. दुसऱ्या डब्यात निखाऱ्यात भाजायच्या रोडग्यांचे गहू. रोडग्यांना पीठ रवाळच लागतं. त्याला पांढरी चिंधी.

मोठी जाऊ म्हणाली, "मी नेतो दळण. तू डाळ निवड."

ही जाऊ मला बहिणीसारखी. माझी वेणी घालायची, माझ्या वाटचं पाणी भरायची. निरोप तिने घडाघडा म्हणून दाखवला. "लाल बारीक, पांढरा जाडा. अजून म्हनू का, मास्तरीनबाई?"

दुसऱ्या दिवशी लाल डबा उघडला, तर बोटांना रवा लागला. पांढरा उघडला, तोही तसाच. चक्की नेमकी त्या दिवशी बंद, आणि घरच्या जात्याला कधीची टाकी लावलेली नव्हती, दगड गुळगुळीत झालेला. फडक्यातून चाळलं तर मूठभर पीठ निघालं. तेवढ्यात काय भागतं? बाकीचे मांडे फाटत गेले, पुरण खापरावर जळलं.

आत्याबाईंची बहीण, म्हणजे आमच्या मावशी, ताटावरून म्हणाल्या, "इले अजून घरातच शिकू द्या." जाऊ वाढत होती.

मावशी संध्याकाळच्या मोटारीने परत गेल्या. सकाळी मी चक्कीवर.

"बाई, मी तर इचारलं बी होतं," चक्कीवाला म्हणाला. "लाल चिंधी काहाची म्हनून. तुमची जाऊ म्हने, दोन्ही रोडग्याचेच हायेत, दोन्ही जाडे काढा."

घरी जाऊ भांडी घासत होती. "बाई, काहून केलं असं?"

तिने मान वर केली नाही. "तू गेली असती अकोल्याले. मंग या चुलीपाशी कोन? मीच ना? मले कोनी इचारलं, तू बी जातं का म्हनून?"

"मले म्हनायचं होतं ना तसं."

"म्हनलं असतं तर थांबली असती?"

नसते थांबले. भांडले असते, पण तोंडावर.

आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता बहीन तं गेली." जाऊला कोणी एका शब्दाने बोललं नाही. मावशींनी त्या वर्षी नणंदेच्या पोरीला ठेवून घेतलं. ती मास्तरीण झाली.

आम्ही दोघी पुढे कितीतरी वर्षं एकाच चुलीपाशी बसलो. तिची दोन बाळंतपणं मी केली. ती माझी वेणी घालायला यायची, मी म्हणायची, "राहू द्या बाई, घातली मी."