रेलिंगचे बेंड

बोर्ली पंचतनात सुचितावहिनीशी वाद घालायचा असेल तर चहा आधी पिऊन घ्यावा. नंतर ती विचारत नाही. पालीकडची लेक. लग्न होऊन इथं आली आणि सासूनं, ठमाबाईनं, तिला कोकमांच्या ढिगापुढं बसवलं. हिनं पुढं आळीतल्या बायका गोळा करून आगळाचं केंद्रच काढलं. आगळ म्हणजे मीठ घालून मुरवलेला कोकमाचा रस. नवरा गणराज म्हणाला, "झेपंल का?" ती म्हणाली, "तुमचं घर झेपलं, ह्याचं काय घेऊन बसलात!"

गेल्या वर्षी मात्र नाक कापलं गेलं. टाकीतून बाटल्यांकडं रस नेणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपात, प्रत्येक कोपऱ्याला गाळ साचला, आंबला आणि मुंबईच्या हॉटेलवाल्यानं सगळा माल परत पाठवला. वर बजावलं, पुन्हा असं झालं तर दारात येऊ नका. तेच एक मोठं गिऱ्हाईक. ते गेलं की केंद्राला कुलूप.

म्हणून यंदा स्टीलच्या पाइपांची लाइन. काम दिलं धाकट्या दिराला, विनेशला. बाजारात त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान. गावातल्या निम्म्या जिन्यांची रेलिंगं त्याच्याच हातची. वहिनीनं त्याला चांगलं समजावलं होतं: वळणाचे बेंड खाण्यापिण्याच्या लाइनीचेच आण, ऐसपैस वळणाचे, आतून गुळगुळीत केलेले, मीठ आणि आंबट सोसणाऱ्या भारी स्टीलचे. विनेश "व्हय व्हय" म्हणाला आणि दुकानात पडलेले रेलिंगचे बेंड जोडून मोकळा झाला!

उद्घाटनाला पाहुणे जमले. नारळ फोडायच्या आधी वहिनीनं उरलेला एक बेंड उचलला आणि जुन्या साडीचा मऊ तुकडा त्यातून ओढला. तुकडा मध्येच अडकला, धागे निघाले. आत वेल्डिंगचा खरखरीत कंगोरा होता.

"ह्ये काय रे, विनेश?"

"बाहेरनं बघ की वहिनी, तोंड दिसतंय त्यात." विनेशनं खिशातला लोहचुंबक लावून दाखवला. "चिकटतो का? न्हाय ना? मग अस्सल माल!"

"हलक्या स्टीललाही चिकटत न्हाय तो. आणि रस काय बाहेरनं जाणार हाय?"

"घरचा माणूस हाय, सांभाळून घे," ठमाबाई म्हणाल्या. गणराजनं तर तिचा दंडच धरला. चार लोकांत शोभा झालेला विनेश भडकला. "बेंड काढलेस तर यंदा गणपतीला तुझ्या घराची पायरी चढणार न्हाय!"

हे मात्र वर्मी लागलं. सगळ्या भावांचा गणपती एकाच घरात बसायचा, तिच्याच. पण तिनं दंड सोडवून घेतला.

"नको चढूस. ही लाइन आज चालू होणार न्हाय."

नारळ तसाच राहिला. पाहुणे वडे खाऊन गेले. सासू बोलेना, नवरा बोलेना. वहिनी केंद्रात जाऊन एकटीच रडली, आणि डोळे पुसून तिनं त्या उरलेल्या बेंडात आगळ भरलं. दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली आणि सगळ्यांना दिसेल असा तो खिडकीत ठेवला. बायका तोवर तांब्यांनी बाटल्या भरत राहिल्या.

आठवड्यानं तिनं दिराला बोलावलं. विनेश छाती काढून आला, मागोमाग ठमाबाईही आल्या. वहिनीनं बूच काढून रस पेल्यात ओतला. लालभडक आगळ काळपट झालं होतं, त्याला लोखंडाचा वास मारत होता. विनेशनं बेंडाच्या आत नजर टाकली. कंगोऱ्यावर गंजाचे ठिपके उठले होते.

"एवढ्यानं काय होतंय?" तो पुटपुटला.

"माझ्या लेकानं केलंय, वाईट कसं असंल?" म्हणत ठमाबाईंनी पेला उचलला आणि ओठांना नेला.

विनेशनं झडप घालून तो हिसकावला. अर्धं आगळ त्यांच्या लुगड्यावर सांडलं. "पिऊ नको, आये!"

वहिनीची नजर त्याच्यावरून हलली नाही.

"तुझ्या आईनं प्यायचं न्हाय. मग लोकांच्या आयांनी प्यायचं का रे?"

विनेशनं पेला खाली ठेवला, पाना घेतला आणि पहिला बेंड सोडवायला बसला.