दामले काकांच्या फोटोला हार

“ताई, एक मेलेला माणूस पाहिजे. उद्या सकाळी नऊपर्यंत,” निनाद म्हणाला.

मी सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये स्टुलावर उभी राहून भिंतीवरचं कॅलेंडर उतरवत होते. असली वाक्यं ऐकून स्टुलावरून पडायचं माझं वय केव्हाच गेलं. मी आर्ट डायरेक्टर आहे. म्हणजे पडद्यावर माणसं सोडून जे जे दिसतं ते आणायचं, लावायचं, हवं तर जुनं करायचं आणि शूटिंग संपलं की जिथल्या तिथे ठेवायचं. तेवीस वर्षं हेच करतेय. एकदा एका बंद दुकानात पोस्ट ऑफिस थाटलं होतं, तर दोन आजोबा पत्रं रजिस्टर करायला रांगेत येऊन उभे राहिले. त्यातून मी काही शिकायला हवं होतं.

निनाद हा आमचा डायरेक्टर. मूळचा वर्ध्याचा. आयटीतली नोकरी सोडून त्याने ही फिल्म करायला घेतली होती. इंडिपेंडंट फिल्म म्हणजे मागे कुणी बडा निर्माता नाही. नऊ माणसं, एक कॅमेरा आणि हा फ्लॅट चार दिवसांसाठी. गोष्ट साधी होती. घरातले वडील गेलेत, आणि भेटायला येणारे लोक असे काही वागतात की घरच्यांना रडायला फुरसतच मिळत नाही. “लोक हसले पाहिजे ताई, आणि मंग हसल्याची लाज वाटली पाहिजे,” असं तो सांगायचा. त्याचे स्वतःचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांचा फोटो लावू का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तो कॅमेऱ्याची लेन्स पुसत बसला. मी पुन्हा विचारलं नाही.

तर मेलेला माणूस म्हणजे फोटो. हार घातलेला. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? पण जिवंत माणूस स्वतःच्या फोटोला हार घालू देत नाही. पडद्यावर चौदा खून केलेल्या एका नटाला मी फोन केला, तर तो म्हणाला, “बायको घरात घेणार नाही.” जुन्या बाजारात फ्रेमसकट कुणाचे ना कुणाचे आजोबा मिळतात, पण पुढे थिएटरात एखादा नातू उठून उभा राहिला तर काय करता? मग आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरने, संतोषने, कॉम्प्युटरकडून एक म्हातारा तयार करून घेतला. गोरापान, तृप्त, गालावर हसू. पुण्यात इतका समाधानी म्हातारा कुणी पाहिलेला नाही. तो बाद झाला.

“माझा लावा,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

हे दामले काका. फ्लॅटचे मालक. वय एकोणऐंशी, निवृत्त गणित शिक्षक, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. फ्लॅट देताना त्यांनी दोनच अटी घातल्या होत्या. एक, चहा ते करणार, कारण आमचा चहा त्यांना चहा वाटत नव्हता. दोन, स्क्रिप्ट आधी वाचायला मिळालं पाहिजे. “माझ्या घरात काय बोललं जाणार ते मला कळू दे,” असं म्हणून त्यांनी ते लाल पेनाने तपासून परत दिलं होतं.

“अहो काका, असं अभद्र बोलू नये,” मी म्हणाले.

“का? मी गेल्यावर तो फोटो सगळे जण बघणार आणि मी तेवढा नाही, हा कुठला न्याय?”

निनादने मान डोलावली. काकांनी शाळेतल्या निरोप समारंभाचा फोटो काढून दिला. तो देताना त्यांनी उद्याच्या सीनचं पान उघडलं. अख्ख्या स्क्रिप्टमध्ये त्या एकाच पानावर लाल पेन लागलेलं नव्हतं.

सीन असा होता. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. फक्त दुःखाच्या घरून निघताना काहीच म्हणायचं नसतं, गुपचूप उठायचं. ‘येतो’ म्हटलं तर पुन्हा अशाच प्रसंगाला येतो, असा भलताच अर्थ होतो. निनादच्या सीनमध्ये एक आजोबा सवयीने ‘येतो’ म्हणून जातात आणि सगळं घर गार पडतं. वाचनाच्या वेळी आम्ही सगळे खिदळलो होतो.

“हे या दारात घडलंय, वैशालीताई,” काका म्हणाले. “सुधा गेली तेव्हा. बापट म्हणून माझा मित्र. तो मराठी शिकवायचा, मी गणित. तीस वर्षं स्टाफरूममध्ये शेजारी बसलो. भेटायला आला आणि निघताना म्हणाला, येतो. मी दहा माणसांसमोर विचारलं, आता कुणासाठी येणार? मी एकटाच उरलोय. त्याचं तोंड एवढंसं झालं. तो गेला तो गेलाच. आता कात्रजला मुलाकडे असतो.”

“मग फोन करायचा.”

“चूक कुणाची होती?”

“तुमची.”

“म्हणूनच तर. त्याची असती तर केव्हाच केला असता.”

हा माणूस रोज दुपारी जिन्यावर पावलं वाजली की मान वळवून बघायचा, ते मी तीन दिवस पाहत होते. कुणाची वाट बघतात ते तेव्हा कळलं, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो लावला. त्याला चंदनाचा हार. आता कंटिन्युइटी नावाची एक भानगड असते. एका शॉटमध्ये हार डावीकडे कलला असेल तर पुढच्या शॉटमध्येही तो तितकाच कललेला हवा, नाहीतर प्रेक्षक गोष्ट सोडून हाराकडेच बघत बसतात. म्हणून मी तो हार बारीक तारेने फ्रेमला चार ठिकाणी असा आवळून टाकला, की भूकंप झाला तरी हलू नये. खाली सतरंजी अंथरली. दाराबाहेर चपलांचा ढीग रचला. पांढऱ्या कपड्यातले कलाकार भिंतीला टेकून बसले. काकांनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

“बरा दिसतोय,” ते म्हणाले. “जिवंतपणी इतका शांत नव्हतो.”

साडेदहाला चहाची सुट्टी झाली. वारा यावा म्हणून दार उघडं ठेवलं. हार तसाच. इथे माझी चूक झाली. खालच्या मजल्यावरच्या लिमये काकू आठवडाभर मुलीकडे राहून त्याच सकाळी परतल्या होत्या. त्यांना शूटिंगचा पत्ताच नव्हता. त्या देवळात जायला निघाल्या, वर चपलांचा ढीग दिसला म्हणून अर्धा जिना चढल्या, तिथूनच फोटो पाहिला, हात जोडले आणि परत फिरल्या. अशा वेळी दारात उभं राहून चौकशा करायची पद्धत नाही. पण फोनवर करायची आहे. लिमये काकू दामल्यांच्याच शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी बातमी टाकली आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. दामले काका त्या ग्रुपवर नव्हते. सगळ्यांचं शुद्धलेखन सुधारतात म्हणून त्यांना काढून टाकलं होतं.

हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. त्या वेळी आम्ही ‘येतो’च्या सीनची तयारी करत होतो. आजोबांच्या भूमिकेसाठी मार्केट यार्डातले एक निवृत्त व्यापारी येणार होते, हौशी नट. बारा वाजत आले तरी त्यांचा पत्ता नव्हता. संतोष खाली फाटकाशी उभा होता. निनादने त्यांना फोनवरच ठरवलं होतं, आमच्यापैकी कुणीच त्यांना पाहिलेलं नव्हतं. तेवढ्यात रिक्षातून एक पांढऱ्या कपड्यातले आजोबा उतरले, हातात छत्री, डोळे लाल.

“दामल्यांकडे?” संतोषने विचारलं.

“हो.”

“चला लवकर. सगळे तुमच्यासाठीच थांबलेत.”

बापट सरांनी याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि ते या वयात धावत जिना चढले.

संतोषचा फोन आला, ‘आजोबा वर येतायत’, आणि निनादने हात वर केला. तो ‘ॲक्शन’ असं ओरडत नाही. नवखी माणसं ताठरतात म्हणून. कॅमेरा बेडरूममध्ये, पडद्याच्या फटीतून हॉलकडे लावलेला. मी त्याच्या शेजारी. साउंडवाला स्वयंपाकघरात, आणि त्याचा जादा हेडफोन नेहमीप्रमाणे दामले काकांच्या कानाला. तो त्यांना फार आवडायचा.

आजोबा आत आले. सतरंजीवरच्या लोकांना नमस्कार केला आणि थेट फोटोपुढे गेले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. खांद्यांची ती थरथर बघून मी मनात म्हटलं, मार्केट यार्डाने हा माणूस इतकी वर्षं वाया घालवला.

“दामल्या,” ते म्हणाले, “तुझी छत्री.”

स्क्रिप्टमध्ये छत्री नव्हती. माझं डोकंच फिरलं. माझ्या फ्रेममध्ये मी न ठेवलेली वस्तू.

“त्या दिवशी चुकून घेऊन गेलो. म्हटलं, ती द्यायच्या निमित्ताने जाऊ. दर पावसाळ्यात काढून दारात ठेवायचो.” त्यांनी छत्री फोटोखाली भिंतीला टेकवली. “तेवढं धाडस झालं नाही रे.”

“छत्री कोणी दिली याला?” मी निनादच्या कानात कुजबुजले.

“चूप राहा ना ताई. माणूस काय करून राहिला ते पाहा.” निनादच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दोन वर्षांत न आलेलं असावं.

आजोबा वळले. दाराशी जाऊन चपला घातल्या. आता ‘येतो’ म्हणायचं होतं, सगळा सीन त्या एका शब्दावर उभा होता, आणि ते तर निघाले. निनादला राहवेना. तो पडद्याआडून घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आजोबा, ‘येतो’ म्हणा.”

आजोबांनी पडद्याकडे पाहिलं नाही. ते फोटोकडे बघायला लागले.

“नाही म्हणणार,” ते फोटोला म्हणाले. “एकदा म्हटलं होतं. नऊ वर्षं पुरलं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण माझ्या आधी स्वयंपाकघराचं दार उघडलं. दामले काका उभे. गळ्यात हेडफोन, मागे लोंबणारी वायर.

“म्हण रे बापट,” ते म्हणाले. “दिग्दर्शक सांगतायत.”

खरं सांगते, त्या क्षणी मला फिल्म, फ्रेम काही सुचलं नाही. ऐंशीच्या घरातला हा माणूस आता कोसळणार आणि तो माझ्या हारापायी कोसळणार, एवढंच दिसत होतं. बापट सर भिंतीला धरून सतरंजीवर बसले. मी पाणी घेऊन धावले. त्यांनी ते प्यायलं, पेला खाली ठेवला.

“मेला नाहीस?”

“अजून नाही.”

“मग ग्रुपवर श्रद्धांजली?”

“कुणी वाहिली?”

“लिमयेबाईंनी. ध ला द जोडून.”

“बघ. तिथेच ओळखायला हवं होतंस.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि एकदम गप्प झालं. दामले काका सावकाश बापटांसमोर मांडी घालून बसले. इतक्या दिवसांत त्यांना खाली बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांचे गुडघे दुखायचे.

“त्या दिवशी मी चुकलो, बापट. सुधा गेली होती. मला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि तू जवळ होतास.”

“माहीत आहे,” बापट म्हणाले. “म्हणून तर उलट बोललो नाही.”

त्यानंतर दोघांनी चहा घेतला आणि आम्ही शूटिंग थांबवून बसलो. मार्केट यार्डवाले आजोबा घामाघूम होत आले ते जिन्यातच ‘येतो, येतो’ अशी तालीम करत. त्यांनाही चहा दिला. बापट सरांना आम्ही हात जोडून सगळं सांगितलं आणि तो शॉट वापरू का, असं निनादने विचारलं.

“वापर,” ते म्हणाले. “फक्त दारापाशी मी जिथे थांबलो तेवढं कापू नकोस. तिथे विराम आहे.”

तासाभराने ते उठले. काकांनी छत्री त्यांच्या हातात दिली.

“कशाला? ऊन आहे.”

“परत आणून द्यायला.”

बापट सर दारात गेले, चपला घातल्या आणि थांबले. वळून एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग माझ्याकडे.

“बाई, आधी तो हार काढा.”

मी स्टुलावर चढले. चार ठिकाणी आवळलेली तार. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटेना. पक्कड सापडेना. सगळे जण आणि तीन म्हातारे माझ्याकडे बघतायत. बापट सर उंबऱ्यात उभे. शेवटी मी तो हार कात्रीने कापला. चंदनाचे मणी सतरंजीभर पसरले.

“येतो,” बापट सर म्हणाले.

“ये,” दामले काका म्हणाले, आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले. नळ बराच वेळ वाहत होता.

माझ्यासाठी इथून पुढे खरा घोळ सुरू झाला. शॉटमध्ये छत्री आलेली, म्हणजे पुढच्या सगळ्या शॉट्समध्ये ती भिंतीशी हवी, आणि ती तर कात्रजला निघून गेली होती. तशीच जुनी, लाकडी मुठीची छत्री आणि तसाच चंदनाचा हार शोधत मी उरलेली दुपार उन्हात हिंडले. फिल्म पूर्ण झाली. पहिल्या शोनंतर एका बाईंनी उभं राहून विचारलं, त्या छत्रीमागे काय विचार होता? मी सांगितलं, फार विचारपूर्वक ठेवली होती. तिसऱ्या रांगेत दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले होते. त्यातले एक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “खोटं बोलतायत.”

फोटोची ती फ्रेम काकांनी मागून घेतली. म्हणाले, वाया जायची नाही. कपाटावर ठेवलीय. मीही एक गोष्ट शिकले, ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. फोटोला हार तारेने बांधू नये. दोऱ्याची एकच सुरगाठ मारावी. माणूस दारात थांबलेला असतो, गाठ एका ओढीत सुटली पाहिजे.