बारा सत्कार आणि पेटीतल्या बाहुल्या

आज मेढ्यात आमच्या संस्थेचं गावोगावच्या आशाताईंसाठी प्रशिक्षण होतं. जन्मलेलं बाळ रडलं नाही तर त्याला श्वास कसा द्यायचा, ते रबरी बाहुलीवर शिकायचं होतं. त्या बाहुल्या मी मिरजेहून आणल्या होत्या.

तीन वाजले तरी सत्कार आणि भाषणं संपेनात. डोंगरातल्या वाड्यांकडे जाणारी शेवटची एसटी साडेतीनची. मी भाषण करणाऱ्या प्रमुख पाहुण्यांना 'आवरतं घ्या' अशा दोन चिठ्ठ्या दिल्या. त्यांनी त्या न वाचताच खिशात घातल्या. माईकपाशी जायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक ताई उठल्या. "आवं सायेब, दवाखान्याची गाडी यायच्या आत माज्या हातावर एक पोर निळं पडलं. तवा काय करायचं, मला ठावं नव्हतं. आज तरी शिकू द्या."

पाहुणे खाली बसले. मी पेट्या उघडल्या.

निम्म्या जणींचा हात बाहुलीला लागला, बाकीच्या तशाच स्टँडकडे पळाल्या.

आजच्या बारा सत्कारांची यादी मीच टाइप केली होती. आता सांगा, उद्या त्या पळालेल्यांपैकी कुणाच्या हातावर न रडणारं बाळ आलं, तर मी काय उत्तर देऊ?