रिपोर्ट नॉर्मल आला

वॉर्डातले सगळे तिला ताई म्हणायचे. वय तिशीच्या आतलंच, पण तोंड इतकं तिखट की लहानमोठं कुणी तिच्या वाटेला जात नसे. बसड्रायव्हरची ही मुलगी स्वतःच्या हुशारीवर डॉक्टर झाली होती आणि आता मोठ्या हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून राबत होती. मूर्खांची तिला मनस्वी चीड होती, आणि मूर्खांची तिथे वानवा नव्हती.

त्यातले थोरले म्हणजे विभागप्रमुख सर. पोरं ऊठसूट तपासण्या लिहितात, पेशंटचा पैसा पाण्यात जातो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. त्यावरचा उपाय मात्र त्यांच्या अकलेला साजेसा निघाला. ज्याच्या तपासण्या सर्वांत कमी वाया जातील त्याला बक्षीस, तेही चांगलं घसघशीत. वाया गेली हे ओळखायचं कसं? रिपोर्ट नॉर्मल आला की गेली वाया. शिकवायचा कंटाळा आला की माणूस असा पाकिटं वाटत सुटतो, असं ताई कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली.

मागच्या खेपेचं बक्षीस सरांच्या लाडोबाने पटकावलं. हा तिच्याच बरोबरीचा. त्याची युक्ती साधी होती: दुखणं पिकू द्यायचं, पेशंट पुरता आडवा झाला की मगच तपासणी लिहायची. मग रिपोर्टात काहीतरी हमखास सापडतंच. सरांनी त्याची पाठ थोपटली तेव्हा ताई तिथून उठून गेली. असल्या माणसाला तिने दारातसुद्धा उभं केलं नसतं.

यंदा मात्र ती स्वतः पहिली होती, आणि तेही सरळ मार्गाने. बक्षिसाला नावं ठेवता ठेवता त्यातून वडिलांसाठी कानाचं यंत्र घ्यायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. लाडोबा तिच्या पाठोपाठच होता. तिची आणखी एक तपासणी वाया गेली तर तो पुढे जाणार होता.

बक्षिसाची मुदत संपायच्या दिवशी शिडीवरून पडलेला एक रंगारी आला. दोनदा उलटी झालेली, बोलणं जरा अडखळत. उद्यापर्यंत बघ, काही असलं तर कळेलच, असा लाडोबाने सल्ला दिला. ताईने त्याच्याकडे ढुंकूनही न बघता डोक्याचा स्कॅन लिहून दिला.

रिपोर्ट तिने उभ्याउभ्याच वाचला. डोक्यात काही नव्हतं. भिंतीला टेकून तिच्याकडे एकटक बघत असलेली रंगाऱ्याची बायको मटकन खाली बसली.

"ते वाचतील ना हो, डॉक्टर?"

"अहो, त्यांना काही झालेलं नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे."

"मग तुमचा चेहरा असा का पडला?"

थकलेय, एवढंच ताई म्हणाली. बाईने डोळे पुसले, तिला हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि आमच्यापायी किती त्रास तुम्हाला, असं म्हणत पाणी आणायला गेली. सर मूर्ख होते, लाडोबा नीच होता, हे सगळं खरंच होतं. पण एका बाईचा नवरा धडधाकट आहे हे वाचून वाईट वाटलं होतं ते तिला. तिला स्वतःची किळस आली.