टेबलाखालून पाहिलेला डाव

आमचे हे बुद्धिबळातले जुने उस्ताद. तरुणपणी जिल्ह्यात ह्यांच्यासमोर बसायला भलेभले कचरायचे. मला मात्र तो पट सवतच वाटायचा. आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या बाजारात वांगी-कोथिंबीर मी विकायची आणि ह्यांनी मळ्यात लिंबाखाली बसून दोन्ही बाजूंनी एकट्यानेच डाव खेळायचा! पुढे नंबर येणंही बंद झालं, तेव्हा मी वचनच घेतलं: या खेपेला पहिले आला नाहीत, तर पट कायमचा पेटीत.

नुकतंच ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून वाशिमच्या स्पर्धेला सोबत मी गेले. आणि हे एकामागून एक डाव जिंकतच सुटले! शेवटचा डाव कॉलेजातल्या एका पोराशी. जिंकेल तो पहिला.

घोडा कुठून कुठे उडी मारतो, हेही मला ठाऊक नाही. पण माणूस ठाऊक आहे. डाव हाती आला की हे चपला काढतात. म्हणून मी पटाकडे न बघता टेबलाखाली बघत बसले.

बराच वेळ दोन्ही पाय चपलेतच. म्हटलं, चला, पट पेटीत जाणार! पण आनंद व्हायचा सोडून मी पदराआड देवाला हातच जोडले. मग उजवा पाय बाहेर आला. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच पोराने काहीतरी फटकन सरकवलं आणि पाय परत चपलेत. त्या पोराला मी मनात काय काय म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. इतक्यात दोन्ही पाय जमिनीवर!

"आहो, हाना आता!" मी ओरडलेच.

पंच धावत आले. "आजी, चूप बसा, नाई तं बाहेर जा!"

तोवर ह्यांनी एक प्यादं पुढे ढकललं होतं. पोरगं पटाकडे बघत राहिलं आणि मग त्याने हात पुढे केला. मात!

"वजिरानं कोनीबी मारते, बुढ्यानं प्याद्यानं मारलं!" मागून कुणीतरी म्हणालं. मी टाळ्या पिटल्या आणि रडलेसुद्धा.

परतीच्या एसटीत चषक मांडीवर घेऊन हे हळूच म्हणाले, "जिंकलो ना! आता तुह्या मनासारखं करतो. पट पेटीत ठेवून देतो."

इतकी वर्षं हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. आणि मी भडकलेच.

"ठेवून तं पाहा! ते पोरगं पुढच्या खेपी बदला घ्यायले येईन, तवा त्याच्यासमोर कोन बसन? मी?"